‘रिपोर्टात काही नाही’ या निदानाचा समाचार

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडावा, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. तो पाळून आधी प्रतिपक्षाचं म्हणणं सांगतो, त्याला एकही वाईट विशेषण न चिकटवता.

ओटीपोटात दुखतं म्हणून बाई दवाखान्यात येते. रक्त-लघवी होते, सोनोग्राफी होते, सगळं नॉर्मल. डॉक्टर तसं सांगतात आणि वेदनाशामक गोळी लिहून देतात. चार महिन्यांनी ती दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, तिथंही तेच. मग तिसरा डॉक्टर, मग एमआरआय, मग कुणीतरी नाव सुचवलं म्हणून पुण्या-मुंबईचं मोठं रुग्णालय. दर ठिकाणी नवी फी आणि नव्या तपासण्या. शेवटी कुठंतरी दीड सेंटिमीटरची निरुपद्रवी गाठ सापडते आणि तिच्यापायी नको ती शस्त्रक्रिया होते. याउलट जिला पहिल्याच डॉक्टरचं ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ पटतं, ती पैशांनी आणि मनानं वाचते. तेव्हा नॉर्मल म्हटल्यावर नॉर्मल मानावं, दवाखाने पालथे घालू नयेत. पाळीच्या वयात थोडंफार दुखायचंच. पाळी गेली की थांबेल, आणि लवकर गेली तर सुटलीच म्हणायची.

हे म्हणणं टाकाऊ नाही. सज्जन डॉक्टर असं बोलतात, घरातल्या मोठ्या बायका बोलतात, आणि जिचं दुखतं ती स्वतःही कैक वर्षं हेच मनाशी घोकत असते. शेवटच्या गाठीची गोष्ट तर अनेक घरांत घडलेली आहे. पण यात चार निरनिराळी विधानं एकमेकांत गुंतवलेली आहेत: तपासणीत दिसलं नाही म्हणजे आजार नाही, बायका दुखणं वाढवून सांगतात, उरलेलं मनाचं असतं, आणि पाळी किंवा पिशवी गेली की प्रश्न मिटतो. एकेक सुटं करून पाहिलं की त्यातलं एकही उभं राहत नाही. फक्त तिसऱ्याच्या पोटात सत्याचा एक कण आहे. त्याच्याकडे येऊच.

सोनोग्राफी ही प्रतिध्वनीची तपासणी. तिला गाठ दिसते, साठलेलं पाणी दिसतं, अंडाशयातली ‘चॉकलेट सिस्ट’ दिसते. पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलेले एन्डोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर रुजण्याच्या रोगाचे) काही मिलिमीटरचे ठिपके तिला दिसत नाहीत. शस्त्रक्रियेच्या व्रणात अडकलेला मज्जातंतू, ओटीपोटाच्या तळाशी कायम आवळून बसलेले स्नायू, मूत्राशयाचा हुळहुळेपणा, यातलंही काही नेहमीच्या सोनोग्राफीत उमटत नाही. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सूचना आहे, की हातानं केलेली तपासणी, सोनोग्राफी, अगदी एमआरआय नॉर्मल आले तरी तेवढ्यावरून एन्डोमेट्रिओसिस नाही असं ठरवू नका. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या ‘एश्री’ या संस्थेची २०२२ची मार्गदर्शिका त्याच सुरात बोलते. थोडक्यात, पूर्वपक्ष ज्या विज्ञानाच्या नावानं बोलतो, त्या विज्ञानानंच त्याची पहिली बाजू सोडून दिलेली आहे. दुखणं किती आणि पसरलेला रोग किती यांचाही मेळ बसत नाही. थोडे ठिपके असलेली बाई लोळागोळा होते आणि आतडी चिकटलेली एखादी सहज चालत येते. रोगाची पायरी पाहून वेदनेचं माप काढता येत नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना चांगलं ठाऊक असतं.

आपल्याकडे यात आणखी एक मेख आहे. लग्न न झालेल्या मुलीची योनिमार्गे सोनोग्राफी सहसा केली जात नाही. तिला बाटलीभर पाणी पाजतात, लघवी रोखून धरायला लावतात आणि पोटावरून प्रोब फिरवतात. गर्भाशय, अंडाशय, झालंच तर किडन्या बघून रिपोर्ट हातात पडतो: नॉर्मल. गर्भाशयाच्या मागं, गुदाशयाच्या पुढं जी खोल जागा असते, जिथं हा रोग ठाण मांडतो, ती या वाटेनं नीट दिसत नाही. रोगाची सुरुवात मात्र पुष्कळदा याच वयात होते. म्हणजे जिला नीट पाहायला हवं तिलाच आपण सर्वांत लांबून पाहतो, आणि जे पाहताच आलं नाही त्याबद्दल रिपोर्टात एक अक्षर नसतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना एन्डोमेट्रिओसिस असतो आणि पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी ४ ते १२ वर्षं जातात. या वर्षांतली बरीचशी ‘नॉर्मल’ रिपोर्टांच्या फायलीत जातात.

मधल्या काळात मुलीला मिळणारा सल्ला ठरलेला: लग्न होऊ दे, आपोआप थांबेल. लग्नानंतर: एक मूल होऊ दे. हा उपचार इतका जुना आणि सर्वमान्य आहे, की ‘एश्री’ला तो लेखी खोडून काढावा लागला. एन्डोमेट्रिओसिस बरा व्हावा एवढ्याच हेतूनं गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असं त्यांनी नमूद केलं आहे. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना आराम पडतो, एवढंच. पुष्कळ जणींना या रोगात मूल राहणंच अवघड जातं, तो भाग निराळा.

तपासणीला यंत्रच लागतं असंही नाही. जॉन कार्नेट या अमेरिकन शल्यविशारदानं १९२६ साली एक साधी परीक्षा सांगितली. रुग्णाला उताणं झोपवायचं. नेमकं जिथं दुखतं तिथं बोटाचं टोक ठेवून दाबायचं. बोट तसंच ठेवून तिला डोकं आणि खांदे वर उचलायला सांगायचं, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणं आतल्या अवयवाचं असेल तर ताठ स्नायू मध्ये आल्यानं ते कमी होतं. तेच पोटाच्या भिंतीतलं असेल, समजा सिझेरियनच्या टाक्यांच्या कडेला दबलेल्या मज्जातंतूचं, तर उलट वाढतं. अशा जागी भुलीचं औषध टोचलं आणि दुखणं तिथल्या तिथं गेलं, तर निदानही झालं आणि उपचारालाही सुरुवात झाली. बोटाच्या या परीक्षेला अर्धं मिनिट लागतं, खर्च शून्य. तरीही तीन सोनोग्राफी आणि एक एमआरआय झालेल्या किती बायकांच्या पोटाला कुणी असं बोट लावलेलं असतं? फायलीतून तसं दिसत नाही.

क्षयरोगाचं नाव घेतल्याशिवाय तर भारतात हा विषय पुराच होऊ नये. जननेंद्रियांचा क्षय गर्भनलिकांत दडून बसतो. छातीचा एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ असतो, ताप-खोकला नसतो, दिसतं ते एवढंच: ओटीपोटात मंद दुखणं, मूल न राहणं, पाळी हळूहळू कमी होत जाणं. कधी गर्भाशयाचं अस्तरच नष्ट होऊन पाळी बंद पडते. घरचे म्हणतात, लवकर गेली. अंडाशय मात्र व्यवस्थित काम करत असतात.

आता दुसरं विधान: बायका वाढवून सांगतात. याचं उत्तर गडचिरोलीत मिळालेलं आहे, आणि तेही १९८९ साली. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास त्या वर्षीच्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या तेवढ्याच निवडल्या नाहीत; तक्रार असो वा नसो, गावातल्या बायका तपासल्या. निष्कर्ष असा, की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता आणि प्रत्येकीमागं सरासरी ३.६ आजार निघाले. तक्रार सांगितली होती ५५ टक्क्यांनी. आणि त्याआधी आयुष्यात कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. हे आकडे पुन्हा एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. बायका वाढवून सांगत असत्या, तर सांगणाऱ्यांचा आकडा आजाराच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला असता. निघाला उलटा. त्या काळी आरोग्यखात्याला खेड्यातल्या बाईची आठवण प्रसूती आणि नसबंदी एवढ्यापुरतीच होती. बाकी ती बोलत नाही, म्हणजे तिला काही होत नाही, असा सोयीस्कर हिशोब होता. आज ती बोलू लागली, तर ती फार बोलते असा नवा हिशोब निघाला आहे.

‘आमच्या आज्यांना कुठं होतं असलं काही?’ हा याचाच पोटभेद. होतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात योनिव्यापदांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात असे वीस विकार मोजले आहेत, आणि त्यातल्या एकाचं लक्षणच असं, की पाळीचा स्राव सुटेपर्यंत बाई वेदनेनं कासावीस होते आणि सुटल्यावर तिला हायसं वाटतं. ज्या परंपरेचा दाखला देऊन मुलीला ‘सोसायला शीक’ म्हणतात, त्या परंपरेच्या वैद्यांनी दुखण्याला दुखणंच म्हटलं होतं आणि त्यावर तेलं, काढे, बस्ती सांगितल्या होत्या. त्यांचा गुण किती, हा वाद वेगळा. आज्यांनी सोसलं, कारण त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

तिसरं विधान जरा जपून हाताळायला हवं. मनाचं आहे, असं म्हटल्यानं काय होतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण इंग्लंडमधलं आहे आणि ते त्या बाईनं स्वतःच लिहून ठेवलं आहे. हिलरी मँटेल ही कादंबरीकार पुढं दोनदा बुकर पारितोषिकाची मानकरी झाली, २००९ आणि २०१२ साली. विशीत, कॉलेजात असताना ती पोटदुखी आणि पायदुखी घेऊन डॉक्टरांकडे गेली. तिला नैराश्यावरची औषधं मिळाली, मग मन शांत करणाऱ्या गोळ्या मिळाल्या, आणि प्रकरण मनोविकारतज्ज्ञाकडं गेल्यावर मानसिक आजारावरची जबर औषधं सुरू झाली. त्या औषधांनी ती खरोखरच सैरभैर झाली, आणि तो तिच्या आजाराचा पुरावा ठरला. लिहिणं बंद कर, असाही सल्ला तिला मिळाला. पुढं नवऱ्याच्या नोकरीपायी बोट्स्वानात राहत असताना तिनं वैद्यकाचं पाठ्यपुस्तक काढून स्वतःच वाचलं आणि आपल्याला एन्डोमेट्रिओसिस असावा हे ओळखलं. १९७९च्या अखेरीस लंडनमध्ये तिचं निदान पक्कं झालं. तोवर रोग इतका पसरला होता, की वयाच्या २७व्या वर्षी गर्भाशयासह अंडाशयही काढावे लागले. एका रात्रीत रजोनिवृत्ती. मूल होण्याची शक्यता संपली. आणि एवढं होऊनही दुखणं पुरतं गेलं नाही, रोग पुन्हा उलटला. २००३ साली ‘गिव्हिंग अप द घोस्ट’ या आत्मकथनात तिनं हे सगळं मांडलं.

मँटेलच्या गोष्टीतून कुणी असं तात्पर्य काढील, की हट्टी बाई शेवटी जिंकते. मला त्यात वेगळंच दिसतं. शोध मनाकडं वळवल्यावर शरीराकडं पाहणं बंद झालं, म्हणून तिची सात-आठ वर्षं वाया गेली. मनाचा विचार करण्यात काहीच वावगं नव्हतं. तो शरीराच्या जागी केला गेला, हा घोटाळा.

आणि इथंच पूर्वपक्षाच्या पोटातला तो सत्याचा कण आहे. दीर्घकाळ ओटीपोट दुखणाऱ्या बायकांची दुर्बिणीतून तपासणी केली, तर त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांश जणींच्या पोटात डोळ्यांना दिसेल असं काहीच सापडत नाही. दुखणं वर्षानुवर्षं चाललं की मेंदू आणि मज्जारज्जू स्वतःच अतिसंवेदनशील होतात. मूळ कारण शमलं तरी वेदनेची यंत्रणा चालूच राहते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१७ साली या प्रकाराला अधिकृत नाव दिलं आणि वेदनेच्या वर्गवारीत जागा दिली. अशा बाईची चौथी दुर्बीण करणं तिच्यावर अन्याय आहे, कारण दर शस्त्रक्रियेनं आत नवे चिकटे तयार होऊ शकतात. तिला ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी लागते, मज्जासंस्था शांत करणारी औषधं लागतात, झोप लागते आणि समुपदेशनही लागतं. तेव्हा शोध कुठंतरी थांबवावा लागतो, हे मान्य. मात्र ‘आम्ही अमुक-अमुक पाहिलं, ते नाही; आता तुमच्या वेदनेवरच उपचार करू’ म्हणून थांबणं आणि ‘काही नाही’ म्हणून हात झटकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पूर्वपक्ष पहिल्याची पुण्याई दुसऱ्याच्या नावावर लावतो.

चौथं विधान सर्वांत घातक, आणि त्याचा पुरावा मराठवाड्यात उभा आहे.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. मुकादम जोडीला उचल देतो, आणि दिवाळीच्या आगेमागे बीडमधून गाड्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो. तो जोडीच्या हिशोबातून कापला जातो. फडात संडास नाही, आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. पाळीतही मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवावी लागते. अशा बाईचं ओटीपोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते. ती तालुक्याच्या दवाखान्यात जाते. तिथं तिला ‘काही नाही’ सांगत नाहीत. तिथं सांगतात, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका. दोन-तीन लेकरं झालेली असतात, नसबंदी झालेली असते. आता पिशवीचा उपयोग काय?

जून २०१९मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत माहिती दिली, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, १५ ते ४९ वयोगटात, देशाचा आकडा ३.३ टक्के आहे.

याबद्दल नेहमीचा बचाव असतो, की बायकाच मागतात. मागतात, खरं आहे. खाडा चुकावा, महिन्याची कटकट जावी, कॅन्सरची भीती जावी म्हणून मागतात. पण पांढरं जाणं आणि साधी सूज यांनी कॅन्सर होतो, ही भीती त्यांना घातली कुणी? पांढरं जाण्याला बहुधा जंतुसंसर्ग कारण असतो आणि तो औषधांनी बरा होतो. कंबरदुखीला मोळी कारण असते, आणि पिशवी काढल्यानं मोळी हलकी होत नाही. शस्त्रक्रियेनंतर पुढच्या हंगामात तीच बाई तोच कोयता घेऊन फडात असते, आणि कंबरही तशीच धरलेली असते.

गर्भाशय काढणं मुळातच चूक, असा माझा दावा नाही. कर्करोग, आटोक्यात न येणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा एडिनोमायोसिस (गर्भाशयाच्या भिंतीत अस्तर रुजण्याचा विकार), अशा वेळी ती शस्त्रक्रिया बाईला आयुष्य परत देते. माझा आक्षेप तिला निदानाच्या जागी बसवण्याला आहे. पुण्यात संगणकापुढं काम करणाऱ्या मुलीला ‘काही नाही’ सांगणं आणि बीडच्या बाईला ‘काढून टाका’ सांगणं वरवर एकमेकांच्या उलट वाटतं. दोन्हीकडं कधीपासून, कुठं, पाळीशी त्याचा संबंध काय, लघवी-शौचाला जाताना दुखतं का, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का, एवढं विचारायलाही कुणी थांबलेलं नसतं. शेवटचा प्रश्न विचारायला तर डॉक्टरही लाजतात.

पुढं बीडमध्ये गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना गर्भाशय काढण्याबाबतच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. दोन्ही पावलं योग्यच. पण परवानगीनं सुरी थांबते, पोट दुखायचं थांबत नाही. सुरीला बंदी झाल्यावर ती बाई फिरून ‘काही नाही’च्या रांगेत उभी राहिली, तर तिच्या पदरात काय पडलं?

आता राहिलं ‘पाळी लवकर गेली तर सुटलीच’. मराठी घरात हे कौतुकानं बोललं जातं. भारतात रजोनिवृत्तीचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे. ४५च्या आत पाळी गेली तर ती लवकर, आणि ४०च्या आत अंडाशय मंदावले तर तो स्वतंत्र आजार मानतात. अमेरिकन वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी १९४२ सालीच त्याचं वर्णन केलं होतं. शंभरात एकीला होतो असं पूर्वी समजत. नव्या आकडेवारीत तो ३.५ टक्क्यांच्या घरात आहे. अंडाशय फक्त पाळी आणत नाहीत. त्यांच्या इस्ट्रोजेनवर हाडं उभी असतात, रक्तवाहिन्या लवचीक राहतात, योनीचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर शाबूत राहतं. तिशीत ते आटलं तर हाडं दहा-पंधरा वर्षं आधी ठिसूळ व्हायला लागतात, हृदयरोगाची शक्यता वाढते, आणि अस्तर कोरडं पडून एक नवं दुखणं जन्माला येतं. म्हणजे पाळी गेल्यावर दुखणं थांबेल म्हणून वाट पाहणाऱ्या बाईला, पाळी गेल्यामुळंच दुखायला लागू शकतं. या कोरडेपणावर योनीत लावायचं हार्मोनचं मलम मिळतं, हे सांगायचं मात्र राहून जातं.

पिशवी काढलेल्या बाईची अवस्था तर अजब. अंडाशय ठेवले तरी शस्त्रक्रियेनंतर ते लवकर थकतात. न्यूझीलंडमधल्या २००५च्या एका अभ्यासात अशा बायकांची रजोनिवृत्ती सरासरी ३.७ वर्षं आधी आली. आणि पाळीच येत नसल्यानं रजोनिवृत्ती केव्हा आली हे कुणाला कळत नाही. पस्तिशीतल्या बाईच्या अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, सांधे धरतात. तिला पित्ताची गोळी मिळते.

जिची पिशवी शाबूत आहे आणि पाळी चार महिने लांबली, तिला बहुतेक वेळा ‘पाळी येण्याच्या गोळ्या’ मिळतात. गोळ्या संपल्या की रक्त जातं, घरचे निश्चिंत होतात. पण ते गोळ्यांचं काम असतं. अंडाशयांबद्दल त्यातून काहीच कळत नाही, आणि प्रश्न आणखी वर्षभर झाकला जातो. खरं म्हणजे त्याचं उत्तर रक्ताच्या एका नळीत आहे. ‘एश्री’ आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या २०२४च्या मार्गदर्शिकेनुसार पाळी निदान चार महिने अनियमित किंवा बंद असेल आणि रक्तातला एफएसएच हा हार्मोन २५च्या वर असेल, तर ४०च्या आतल्या बाईत अंडाशय मंदावल्याचं निदान होतं. पूर्वीसारखी दुसरी चाचणी दर वेळी लागतेच असं नाही. हा आकडा वाढलेला नसेल, तर अंडाशय सोडून दुसरीकडं पाहायला हवं. वर सांगितलेला क्षयरोग अशाच वेळी पकडता येतो. आणि निदान झालं की कामं निघतात: गुणसूत्रांची तपासणी, एफएमआर-१ जनुकाची तपासणी (तिचा संबंध त्या बाईच्या बहिणींशी आणि पुढच्या पिढीतल्या मुलांच्या बुद्धीशी असू शकतो), थायरॉइड, अ‍ॅड्रिनल, हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी.

अशा बाईला हार्मोन देण्याच्या उपचाराचं नाव काढलं की ‘हार्मोननं कॅन्सर होतो’ ही धास्ती पुढं येते. तिचा उगम अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात आहे. जुलै २००२मध्ये त्याचा एक भाग थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या. वय ५० ते ७९, सरासरी ६३. हार्मोन घेणाऱ्या दहा हजार बायकांमागं वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण जास्त आढळले. हा आकडा लपवायचं कारण नाही. पण साठी ओलांडलेल्या, निसर्गनियमानं पाळी गेलेल्या बाईला बाहेरून हार्मोन देणं वेगळं, आणि तिशीत अंडाशय बंद पडलेल्या बाईला तिच्या वयाला शरीरात असायलाच हवा होता तो हार्मोन भरून देणं वेगळं. दुसरीला, स्तनाचा कर्करोग किंवा तसंच दुसरं कारण नसेल, तर पन्नाशीपर्यंत तो द्यावा, असं मार्गदर्शिका सांगतात. साठीच्या बाईच्या भीतीपायी तिशीच्या बाईची हाडं झिजू देणं, याला सावधगिरी म्हणत नाहीत.

पूर्वपक्षाचा शेवटचा आधार व्यवहाराचा असतो: ओपीडीत ऐंशी पेशंट बसलेले असताना एवढं कोण करणार? तक्रार रास्त आहे. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरनं तासभर गप्पा माराव्यात, असं कुणी म्हणत नाही. पण दवाखाने पालथे घालण्याची जी टिंगल होते, तिचं मूळ याच घाईत आहे. दर डॉक्टर नव्यानं सुरुवात करतो, तीच सोनोग्राफी पुन्हा लिहितो, कारण आधीच्यानं केसपेपरवर ‘नॉर्मल’ याखेरीज काही टिपलेलं नसतं. बाईची चिकाटी वाया जाते ती इथं. तिनं तीन महिने पाळीच्या तारखा, दुखण्याची जागा आणि तीव्रता वहीत लिहून आणली, तर पहिल्या पाच मिनिटांत निम्मं काम होतं. आणि डॉक्टरनं केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या, की आज अमुक नाही एवढं कळलं, अमुक अजून पाहिलेलं नाही, सहा आठवड्यांनी या, तर तिला डॉक्टर बदलायचं कारण उरत नाही. बदललाच, तर पुढच्याला तिसऱ्या ओळीपासून सुरुवात करता येते.